ई. कोलायच्या फ्लास्कमधून लायकोपीन: तालुक्याच्या कॉलेजातल्या लॅबसाठी

टोमॅटोला लाल करणारा लायकोपीन हा रेणू टोमॅटोशिवायही मिळतो. ई. कोलाय या जिवाणूत तीन जनुकं घातली की दोन दिवसांत फ्लास्क गुलाबी-लाल होतो. साताऱ्यातल्या एका कॉलेजात मी एमएस्सीच्या मुलांकडून हा प्रोजेक्ट करून घेते. त्यामुळे कऱ्हाड, इस्लामपूर, सांगलीकडच्या मुलांचेही फोन येतात, आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: "मॅडम, प्लेटवर रंग आला, आता पुढं काय?" खरं काम त्या "पुढं काय"मध्येच आहे. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून मुलं खूश होतात आणि थेट "अँटिऑक्सिडंट तयार केलं" असं लिहून मोकळी होतात. किती रंग आला, तो लायकोपीनच आहे का, आणि अँटिऑक्सिडंट म्हणून जे मोजलं ते त्याचंच आहे का, हे तिन्ही वेगवेगळे प्रश्न आहेत.

लॅब फार भारी असायला नको. शेकर इनक्युबेटर, सेंट्रिफ्यूज, ऑटोक्लेव्ह, डीप फ्रीझर आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर चालू स्थितीत असले की भागतं.

सगळ्यात आधी कागद. भारतात जनुकं बदललेले सूक्ष्मजीव हाताळायचे नियम १९८९ चे आहेत, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे. असं काम करणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समिती, म्हणजे आयबीएससी लागते आणि तिच्यावर केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी असतो. आपला जिवाणू के-१२ घराण्यातला, रोग न करणारा, त्यामुळे काम खालच्या जोखमीच्या गटात मोडतं. पण ते समितीनं म्हणायचं, आपण नाही. तुमच्याकडे समिती नसेल तर जिथे आहे त्या संस्थेतल्या गाईडकडे जाऊन करा. अर्ज जून-जुलैतच टाका. दिवाळीनंतर टाकलात तर परवानगी आणि परीक्षा एकदमच दारात येतात. घरी, गच्चीवर, क्लासच्या खोलीत हे करायचं नाही. आणि निघालेला रंग खायचा नाही, साबणात घालायचा नाही. त्याच्या परवानग्या वेगळ्या आणि कितीतरी मोठ्या आहेत.

आता जनुकं. ती येतात पँटोइया नावाच्या पिवळ्या जिवाणूकडून. पूर्वी त्याला एर्विनिया म्हणत, जुन्या पेपरांत तेच नाव सापडेल. १९९० मध्ये जपानच्या किरीन ब्रुअरीतल्या नोरिहिको मिसावा यांच्या गटानं या जिवाणूतली कॅरोटिनॉइडची, म्हणजे लायकोपीनसारख्या पिवळ्या-लाल रंगद्रव्यांची, जनुकं ओळखून त्यांचा क्रम लावला. आपल्याला त्यांतली तीन पुरतात: सीआरटी-ई, सीआरटी-बी आणि सीआरटी-आय. पहिलं वीस कार्बनचा जीजीपीपी बनवतं, दुसरं असे दोन जोडून चाळीस कार्बनचा रंगहीन फायटोईन करतं आणि तिसरं त्यात दुहेरी बंधं घालत जातं. दुहेरी बंधांची साखळी लांबली की रेणू निळा-हिरवा प्रकाश शोषतो आणि आपल्याला लाल दिसतो. म्हणजे प्लेट पांढरी राहिली तर पहिली दोन जनुकं चालत असूनही तिसरं अडलेलं असू शकतं. पांढऱ्या कॉलनीत फायटोईन असेलही.

कच्चा माल ई. कोलायकडे आधीपासून असतो. पायरुव्हेट आणि ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट यांच्यापासून तो पाच कार्बनचे तुकडे, आयपीपी आणि डीएमएपीपी, स्वतःच्या गरजेपुरते करतो. त्यातूनच त्याचं युबिक्विनोन बनतं आणि पेशीभित्तिका बांधायला लागणारा लिपिडवाहकही. धोमच्या कालव्यावर टेलच्या शेतकऱ्याचं जे होतं तेच लायकोपीनचं होतं: वरच्यांचं भिजवून झाल्यावर जे उरेल ते त्याचं. म्हणून ज्यांना उत्पादन वाढवायचं असतं ते खालची तीन जनुकं आणखी जोरात न चालवता वरचा दरवाजा उघडतात, म्हणजे डीएक्सएस आणि आयडीआय ही जनुकं वाढवतात. २००० साली विल्यम फार्मर आणि जेम्स लियाओ यांनी आणखी हुशारी केली. पेशीत ग्लुकोज ओसंडून जाऊ लागलं की ॲसिटिल फॉस्फेट साठतं. ते साठल्याचं ओळखूनच रंगाची यंत्रणा चालू होईल असा नियंत्रक त्यांनी बसवला. पहिल्या वर्षी तुम्ही याच्या वाटेला जाऊ नका. साधा प्लाझमिड, म्हणजे जनुकं वाहून नेणारं डीएनएचं छोटं कडं, नीट चालवून दाखवा.

तो साधा प्लाझमिड म्हणजे पीएसी-एलवायसी. अमेरिकेतल्या फ्रान्सिस कनिंगहॅम यांचा हा प्लाझमिड ऍडजीन या प्लाझमिडच्या संग्रहात आहे. मागवायला संस्थेच्या सहीचा करार लागतो, वेळ जातो. ज्या लॅबकडे आधीच आहे तिच्याकडून रीतसर करार करून घेतलात तर लवकर हाती पडेल. यजमान जिवाणू पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएम संग्रहात किंवा चंदीगडच्या एमटीसीसीकडे विचारा. मी डीएच-५-अल्फा वापरते, कारण त्यात प्लाझमिडची मोडतोड कमी होते. या प्लाझमिडवरची जनुकं आपोआप चालू असतात, ती चालू करणाऱ्या आयपीटीजी या रसायनाचा खर्च नाही. निवडीसाठी क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक, प्लाझमिड शिरलेल्या पेशीच त्यात तगतात. त्याचा साठा इथेनॉलमध्ये करायचा, मिलीला ३४ मिलिग्रॅम, उणे २० ला. पाण्यात तो एवढा विरघळत नाही, आणि तळाला बसलेली पांढरी भुकटी तशीच हलवून वापरणारी मुलं नंतर "सगळंच वाढलं मॅडम" म्हणत येतात.

याच वेळी दुसरा प्लाझमिडही मागवा: पीएसीवायसी-१८४. आपला रंगाचा प्लाझमिड याच्याचपासून केलेला आहे. तोच ओरिजिन (प्लाझमिडच्या प्रती निघायला सुरुवात होते ती जागा), तेच क्लोरॅम्फेनिकॉल, फक्त रंगाची जनुकं नाहीत. तो त्याच यजमानात घालायचा आणि शेवटपर्यंत लाल फ्लास्कच्या शेजारी चालवायचा. त्याला आमच्याकडे "जोडीदार" म्हणतात. मुलांना तो नकोसा असतो, काम दुप्पट होतं म्हणून. माझ्याकडे जोडीदाराशिवायच्या वहीवर सही होत नाही. का, ते पुढं येईलच.

ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे प्लाझमिड पेशीत घालणं, पुस्तकात आहे तसंच: ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइडनं केलेल्या कॉम्पिटंट पेशी, एक-दोन मायक्रोलीटर प्लाझमिड, बर्फात ३० मिनिटं, ४२ अंशाला ४५ सेकंद, परत बर्फात दोन मिनिटं, मग साधं एलबी (जिवाणू वाढवायचं नेहमीचं माध्यम) घालून ३७ अंशाला तासभर. बर्फ मात्र चुरा केलेला आणि थोडं पाणी घातलेला हवा. मोठ्या खड्यांमध्ये ट्यूब उभी केली तर तिला बर्फापेक्षा हवाच जास्त लागते. मिलीला ३० मायक्रोग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल असलेल्या एलबी अगारवर पसरा. रात्रभर ३७ ला ठेवा, मग प्लेट २८ ते ३० अंशाला हलवा. सकाळी कॉलन्या फिक्या दिसतील. पी हळद आणि हो गोरी असं इथे चालत नाही. रंग दुसऱ्या दिवशी भरतो, तोवर प्लेट फेकू नका.

रंग भरल्यावर प्लेट खिडकीशी धरून नीट बघा. सगळ्या कॉलन्या सारख्या नसतात. काही गडद, काही फिक्या गुलाबी, एखादी पांढुरकी आणि हमखास सगळ्यांत मोठी. रंग करणं पेशीला जड जातं. ज्या पेशीनं ते काम टाळलं ती जोरात वाढते. म्हणून मोठी कॉलनी उचलायचा हाताचा जो कल असतो तो आवरा, मध्यम आकाराची गडद कॉलनी घ्या. तिच्यापासून लगेच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये साठा करून उणे ८० ला ठेवा आणि प्रत्येक प्रयोग त्या साठ्यापासून, ताज्या प्लेटवरून सुरू करा. स्लँटवरून स्लँटवर वर्षभर फिरवलेला कल्चर शेवटी पांढरा होतो आणि मग दोष माध्यमावर जातो.

माध्यमाचं सांगते. एलबीत रंग येतो, पण जास्त पेशी हव्यात तर टू-वायटी घ्या: लीटरला ट्रिप्टोन १६ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १०, मीठ ५. त्यात ग्लिसरॉल लीटरला १० ग्रॅम. ग्लुकोजपेक्षा ग्लिसरॉल बरं, कारण ते सावकाश खाल्लं जातं, ॲसिटेट कमी साठतं, आणि ते ज्या वाटेनं पेशीत शिरतं ती ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेटच्या अगदी जवळची आहे.

इथे दर बॅचमध्ये एक तरी आवाज येतोच: "मॅडम, मळीवर वाढवू की! आमच्या कारखान्याचीच आणतो." आपल्या भागात हे सुचणं साहजिक आहे आणि कल्पनाही वाईट नाही. पण मळीतली मुख्य साखर सुक्रोज, आणि के-१२ ला सुक्रोज खाता येत नाही, त्याच्याकडे ती जनुकंच नाहीत. मळीत जेवढी ग्लुकोज-फ्रुक्टोज आधीच सुटी असते तेवढ्यावर तो थोडा वाढतो, मग थांबतो, आणि मुलांना वाटतं मळीत काही विषारी आहे. मळी वापरायचीच असेल तर आधी इन्व्हर्टेजनं किंवा सौम्य आम्लात तापवून सुक्रोज फोडा, पीएच परत ७ ला आणा, गाळ खाली बसवा. दुसरा मार्ग म्हणजे सुक्रोज खाणारा डब्ल्यू जातीचा ई. कोलाय घेणं. मळीचा तपकिरी रंग पेशींना चिकटतो, तेव्हा धुणं वाढतं. काकवीचंही गणित हेच. आधी ग्लिसरॉलवर आकडे मिळवा, मळीचं प्रकरण दुसऱ्या सत्रात.

आदल्या संध्याकाळी ५ मिली एलबीत गडद कॉलनी टाका. सकाळी २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली माध्यम, त्यात अर्धा मिली कल्चर. लालचे तीन फ्लास्क, जोडीदाराचे तीन. १०० मिली भरायचा मोह नको, सीआरटी-आयच्या कामाला ऑक्सिजन लागतो आणि भरलेल्या फ्लास्कमध्ये हवा खेळत नाही. ३० अंश, १८० आरपीएम, ४८ तास, फ्लास्कला बाहेरून ॲल्युमिनियम फॉइल. तुमच्या भागात देखभालीसाठी लाइट जाण्याचा वार ठरलेला असेल तर ते ४८ तास त्या वारावर येणार नाहीत असं बघून कल्चर लावा. शेकर इन्व्हर्टरवर नसतो, आणि पेशी तळाला बसून हवेविना राहिल्या की सहा फ्लास्कमधले आकडे सहा दिशांना जातात.

काढणीच्या दिवशी लॅबमधले पडदे ओढा, ट्यूबलाइट मोजक्या ठेवा. उजेडात आणि हवेत लायकोपीनचा आकार बदलतो, मग तो विस्कटतो. प्रत्येक फ्लास्कमधून १० मिलीचे दोन भाग घ्या. एक आधी वजन केलेल्या ट्यूबमध्ये, सुकं वजन काढायला, दुसरा रंगासाठी. ४००० जी ला १० मिनिटं फिरवा, वरचं ओता, पाण्यानं दोनदा धुवा. आता दोन्ही पेलेट, म्हणजे तळाला बसलेल्या पेशींचे गोळे, शेजारी धरा. जोडीदाराचं पेलेट पिवळट पांढरं, लायकोपीनचं लाल. वरचं माध्यम मात्र दोघांचं सारखंच दिसायला हवं, कारण लायकोपीन पाण्यात येत नाही, पेशीच्या पडद्यात अडकून राहतं. लाल फ्लास्कचं माध्यमही लाल दिसलं तर पेशी फुटल्यात किंवा नीट बसल्या नाहीत, परत फिरवा.

धुतलेल्या पेलेटवर २.५ मिली ॲसिटोन. व्हॉर्टेक्सवर पेलेट पूर्ण मोडा, गुठळी राहिली तर रंग आतच राहतो. झाकण घट्ट लावून ५० अंशाच्या वॉटर बाथमध्ये १५ मिनिटं, अंधारात. ॲसिटोन ५६ अंशाला उकळतो, तेव्हा बाथचं तापमान थर्मामीटरनं तपासा, डायलवर विश्वास नको. आजूबाजूला बर्नर पेटलेला नको. फिरवा, लाल ॲसिटोन काचेच्या ट्यूबमध्ये काढा, पेलेटवर परत ॲसिटोन घाला. पेलेट पांढरं होईपर्यंत हे करायचं. शेवटी राखाडी पांढरा, सुरकुतलेला चोथा उरतो. तो तसा दिसला की थांबा.

जमलेल्या ॲसिटोनमध्ये ४ मिली हेक्झेन आणि ५ मिली पाणी घालून हळू उलटंपालटं करा. दोन थर पडतात, रंग वरच्या हेक्झेनमध्ये चढतो. मध्ये फेसाळ पांढरा पट्टा अडकला तर चिमूटभर मीठ टाका, सुटतो. वरचा थर काढून हेक्झेननं बरोबर ५ मिली करा. क्युव्हेट काचेची हवी. साध्या प्लास्टिकच्या, म्हणजे पॉलिस्टायरीनच्या क्युव्हेटवर ॲसिटोनचा थेंब पडला की ती डोळ्यांदेखत धुरकट होते, आणि ते धुरकटपण यंत्र रंग म्हणून वाचतं.

आधी एकच आकडा घेऊ नका. ४०० ते ६०० नॅनोमीटर पूर्ण स्कॅन घ्या. लायकोपीनची हेक्झेनमध्ये तीन शिखरं असतात: ४४४, ४७२ आणि ५०३. तिन्ही सुटी, टोकदार दिसली की रेणू ओळखला. शिखरं बुजून एकच टेकाड दिसलं तर रंग उजेडानं खराब झालाय किंवा भलतंच काही आलंय. जोडीदाराची रेघ या भागात जवळपास सपाट हवी.

मोजायचं ५०३ ला, कारण तिथे बाकी कॅरोटिनॉइडची लुडबुड कमी. एक सेंटिमीटर क्युव्हेटसाठी हेक्झेनमधलं शोषण गुणिले ३.१२ म्हणजे लीटरला इतके मिलिग्रॅम. समजा ०.६० आलं, तर १.८७ मिलिग्रॅम प्रतिलीटर. आपलं हेक्झेन ५ मिली, म्हणजे ९.४ मायक्रोग्रॅम, ते १० मिली कल्चरमधून निघालं, म्हणजे कल्चरच्या लीटरला ०.९४ मिलिग्रॅम. मग सुक्या वजनानं भागा. दोन्ही आकडे द्या, कारण नुसत्या पेशी वाढल्या तरी लीटरमागचा आकडा फुगतो. वाचन १ च्या वर गेलं तर हेक्झेननं पातळ करून परत वाचा.

आता अँटिऑक्सिडंट चाचणी, जिथे बहुतेकांचं घोडं अडतं. सगळे डीपीपीएच या जांभळ्या रसायनाकडे धावतात, कारण ते सोपं आणि बाटली कपाटात असते. जांभळा रंग उतरला की क्षमता आहे, आणि वाचन ५१७ ला. पण लायकोपीन स्वतःच ५०३ ला शोषतं आणि त्याचा उतार ५१७ वर येतो. म्हणजे एक रंग उतरतोय का हे आपण दुसऱ्या रंगाच्या आडून बघतो. शिवाय कॅरोटिनॉइड डीपीपीएचशी मुळातच मंद वागतात. आकडा कमी येतो, मुलगी रडकुंडीला येते आणि लायकोपीनला कुचकामी ठरवून मोकळी होते.

त्याऐवजी एबीटीएस वापरा. ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट एकत्र करून अंधारात रात्रभर, १२ ते १६ तास ठेवा. निळा-हिरवा रंग येतो. वापरताना इथेनॉलनं ७३४ नॅनोमीटरला ०.७० शोषण येईल इतका पातळ करा. ७३४ ला लायकोपीन काहीच शोषत नाही, म्हणून मैदान मोकळं. एक मिली द्रावणात हेक्झेन अर्काचे मोजके मायक्रोलीटर घाला. हेक्झेन जास्त झालं तर द्रावण गढुळतं आणि वाचन खोटं येतं. तेवढंच नुसतं हेक्झेन घातलेली क्युव्हेट वेगळी वाचा. तुलनेला ट्रोलॉक्स हे प्रमाण अँटिऑक्सिडंट.

आणि इथे जोडीदार कामाला येतो. त्याच्या अर्कात रंग नसतो, तरीही एबीटीएसचा रंग थोडा उतरतो. युबिक्विनॉलसारखे पेशीचे स्वतःचे पदार्थही ॲसिटोनमध्ये येतात आणि तेही अँटिऑक्सिडंटच. जोडीदाराचा आकडा वजा करून जे उरेल तेवढंच लायकोपीनचं. दुसरी गोम बीएचटी या संरक्षक रसायनाची. अर्क टिकावा म्हणून हेक्झेनमध्ये ०.१ टक्का बीएचटी घालतात, ते बरोबरच आहे, पण बीएचटी स्वतः जबरदस्त अँटिऑक्सिडंट आहे. साठवायच्या भागात घाला, चाचणीच्या भागात अजिबात नको. एखाद्याचे आकडे अचानक डोळे दिपवणारे आले की मी पहिल्यांदा हेक्झेनची बाटली कुठली होती ते विचारते.

लायकोपीनची खरी ख्याती सिंग्लेट ऑक्सिजन शमवण्याची आहे. १९८९ मध्ये दी मॅशियो, कायझर आणि झीस यांनी दाखवलं की तपासलेल्या कॅरोटिनॉइडमध्ये या कामात लायकोपीन सगळ्यांत पुढे आहे. आपल्या लॅबमध्ये ती चाचणी होत नाही. म्हणून वहीत "एबीटीएस पद्धतीनं इतकी क्षमता" असंच लिहा. "कर्करोगावर उपयुक्त" वगैरे वाक्यं मी लाल पेनानं उडवते.

उरलेलं कल्चर, प्लेट्स, टिप्स, सगळं १२१ अंश, १५ पौंड दाबाला ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच टाकायचं. ॲसिटोन-हेक्झेनचं टाकाऊ वेगळ्या बाटलीत. ते बेसिनमध्येही नाही आणि ऑटोक्लेव्हमध्ये तर मुळीच नाही.

हे जमलं की पुढची जनुकं उघडी आहेत. सीआरटी-वाय घातलं की लायकोपीनची टोकं वळून बीटा-कॅरोटीन होतं, कॉलनी नारिंगी. त्यावर सीआरटी-झेड घातलं तर झियाझँथिन, आणि झेडसोबत डब्ल्यू घातलं तर अस्टाझँथिन.

सांगलीची मुलं मात्र हळदीवर अडून बसतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, घरात पोती पडलेली, तर हळदीचा पिवळा रंग, म्हणजे कर्क्युमिनच का करू नये? करता येतं. फोर-सीएल, डीसीएस आणि सीयूआरएस-१ ही जनुकं घातलेल्या ई. कोलायला फेरुलिक आम्ल पुरवलं की तो कर्क्युमिन बनवतो. पैशाच्या हिशेबानं सांगलीत बसून हे करण्यात अर्थ नाही. मार्केट यार्डातल्या हळदीशी फ्लास्क बरोबरी करणार नाही. शिकण्यासाठी मात्र छान, कारण इथे कच्चा माल बाहेरून द्यावा लागतो आणि कधी द्यायचा हे ठरवावं लागतं. फेरुलिक आम्ल पेशींना जाचक असतं, म्हणून वाढ झाल्यावर द्या. काढणीला आधी माध्यम आम्लधर्मी करा, मग इथाइल ॲसिटेट. अल्कलीत कर्क्युमिन लालसर होऊन तुटत जातं. वाचन ४२५ च्या आसपास. आणि जोडीदार या वेळी दोन लागतील: एक जनुकं नसलेला पण फेरुलिक आम्ल दिलेला, दुसरा जनुकं असलेला पण आम्ल न दिलेला. फेरुलिक आम्ल स्वतःच अँटिऑक्सिडंट आहे, तेव्हा पहिल्याचा आकडा शून्य येईल अशी अपेक्षाच ठेवू नका.